सालोत्र्याचा चाकू

धाराशिवात आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर नाव मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. पण शटलची, बॉबिन केसची बारीक कामं माझ्याकडं असतात. त्यांची बोटं जाड, आणि चष्म्याचा नंबर दर दिवाळीला वाढतो. लग्न होऊन आले तेव्हा सुईत दोरा ओवण्यापलीकडं मशीनमधलं मला काही कळत नव्हतं. टेबलाशी बसता बसता शिकले. ह्याच टेबलापायी मला जुन्या घडीच्या चाकूंचा नाद लागला.

जुन्या मशीनचे सुटे भाग आणायला आम्ही उमरग्याला जायचो. हैदराबादच्या रस्त्यालगत तिथं भंगाराची दुकानं आहेत. मोडीत निघालेल्या ट्रकांबरोबर कुठकुठलं सामान येऊन पडतं. एकदा एका परदेशी मशीनचा एक स्क्रू आमच्यानं निघत नव्हता. खाच इतकी बारीक, की एकही पेचकस बसेना. भंगाराच्या ढिगात मला एक गंजलेला चाकू दिसला. नखानं ओढून उघडला तर एका अंगाला पातं, दुसऱ्या अंगाला डबा फोडायचं हत्यार आणि त्याच्या टोकाला चपटा, बारीक पेचकस. घरी आणून लावून बघितला. स्क्रू निघाला. मशीन गिऱ्हाईक घेऊन गेलं, चाकू माझ्याकडं राहिला.

रॉकेलमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशनं घासल्यावर गंजाखालून इंग्रजी अक्षरं वर आली. विलायतेतल्या एका गावाचं नाव होतं. ते वाचल्यावर काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. इतक्या लांबून निघालेली वस्तू, मधे कुणाकुणाच्या खिशात राहिली असेल, आणि आता माझ्या मशीनच्या तेलात पडली होती. त्यानंतर भंगारात गेले की आधी चाकू शोधायचे.

बंद असताना अशा चाकूत काय काय आहे ते कळत नाही. शिंगाची नाहीतर लाकडाची मूठ, कडेला पोलादाच्या चार-पाच रेघा. मग एकेक रेघ नखानं उचलायची. करवत निघते, आर निघते, कधी इवलीशी कात्री. चांगल्या चाकूचं पातं उघडताना आणि मिटताना टक् करून वाजतं, त्यावरून आतली कमान शाबूत आहे की नाही ते कळतं. दोन मोडक्या चाकूंचा एक करून विकणारेही भेटतात. त्यांच्या वस्तूत एक पातं चटकन मिटतं आणि दुसरं चिकटून बसतं. हळूहळू मला ते कानानंच ओळखू यायला लागलं. फोनवर फोटो टाकायला लागले तशी पुण्यातल्या एका संग्राहकाशी ओळख झाली. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला अगदी नेमके. आमच्या गावात मात्र ह्या नादाला जोडीदार नव्हता. नणंद म्हणायची, "वहिनी, बाया साड्या जमवत्यात, भांडी जमवत्यात. तुमचं हे काय?" मालक काही बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांनीच सुताराकडून काचेची पेटी करून आणली आणि माझ्या टेबलामागं भिंतीला ठोकली.

त्या पेटीमुळंच पुढचं घडलं.

तेरहून एक बाई मशीनचं डोकं पोत्यात बांधून बसनं घेऊन आल्या. तिशीच्या, बोलायला मोकळ्या. गावात ब्लाऊज शिवायचं काम करायच्या. मी शटल साफ करत होते आणि त्या पेटीकडं बघत होत्या.

"ताई, हे समदे चाकू विकायचेत का?"

"नाही. जमवते मी."

"असला एक आमच्या मामांकडं हाय," त्या म्हणाल्या. मामा म्हणजे त्यांचे सासरे. "पर ह्याच्याहून मोठाय. त्याच्यात जनावराची नस कापायचं नस्तरबी हाय."

माझा हात थांबला. नस्तर असलेला चाकू मी फक्त फोटोत पाहिला होता. पूर्वी घोड्याची, बैलाची नस उघडून रक्त काढायचे, त्यासाठी घोडेवाल्यांच्या चाकूत एक वेगळं पातं असायचं. तसला चाकू आपल्याकडं शाबूत मिळणं फार अवघड.

"मामा दाखवतील का?"

"दाखवत्याल की. पर देणार न्हाईत. आधीच सांगते."

पुढच्या रविवारी मी तेरला गेले. घर नदीकडच्या अंगाला होतं. पुढं पत्र्याची पडवी, तिथं बाजेवर मामा बसले होते. उंच, वाळकी अंगकाठी, अंगात बंडी. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली होती. जखमा धुणं, पट्टी बांधणं, खुरं साफ करणं ही कामं. गावात त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. मी कशासाठी आले ते सुनेनं सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमी मशीन दुरुस्त करता?"

"हो."

"मग हत्यार कळतंय तुमाला." त्यांनी बंडीच्या खिशातून चाकू काढला. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो माझ्या हातात न देता बाजेवर ठेवला. "चाकू हातात द्यायचा न्हाय. भांडण व्हतं. तुमी उचला."

मी उचलला. हाताला जड लागला. मूठ शिंगाची, वापरून वापरून मधाच्या रंगावर आलेली. एक मोठं पातं, एक लहान, करवत, चामड्याला भोक पाडायची आर, खुरात अडकलेले खडे काढायचा वाकडा आकडा, आणि ते नस्तर. मुठीच्या टोकाशी एक खाच होती आणि तिच्यात बारीक चिमटा सरकवलेला. काहीही हरवलेलं नव्हतं. एकेक पातं उघडलं आणि मिटलं. सगळी सारखीच वाजली.

तो चाकू त्यांना उस्तादांनी दिला होता. उस्ताद म्हणजे निजामाच्या पागेतले सालोत्री, घोड्यांचे वैद्य. राज्य गेलं, पागा गेली, तसे ते तेरला आपल्या बहिणीकडं येऊन राहिले आणि गावोगावची जनावरं बघायला लागले. मामा तेव्हा पोरसवदा होते. उस्तादांची पिशवी धरायला म्हणून गेले आणि शिकूनच परत आले.

"दवाखान्यात चिकटलो तवा उस्तादांनी दिला," मामा म्हणाले. "म्हनले, नस्तर मारायची येळ आली तर आधी दोनदा इचार कर. आनि नाय मारलं तर लईच चांगलं. म्या आक्ख्या नोकरीत दोन-चार येळा मारलं असंल. खुराचा आकडा मातर रोज."

मी विचारलंच. "मामा, द्याल का मला?"

"न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या पेटीतले चाकू काय करत्यात?"

"काही नाही. असतात."

"मग पेन्शनीत गेले म्हना. ह्याला अजून काम हाय." त्याच चाकूनं त्यांनी पेरूच्या फोडी केल्या आणि माझ्यापुढं ताटली सरकवली. निघताना म्हणाले, "माझ्यामागं न्या. सूनबाई, ऐकलं का, माझ्यामागं हा ह्या ताईंचा."

त्यानंतर मी जात राहिले. आधी चाकूसाठी जात होते, हे खरं. मशीनचं तेल नेऊन बिजागऱ्यांत एकेक थेंब सोडायचे, मऊ फडक्यानं पुसायचे. पुढं मामांच्या गोष्टींसाठी जायला लागले. कुठल्या म्हशीच्या पोटात काय सापडलं, कुठला बैल त्यांना बघून रस्ता बदलायचा, उस्ताद जनावराच्या कानात कुठली दुआ म्हणायचे. सूनबाई मशीनवर बसून ऐकायची. तिचा नवरा पुण्याला कंपनीत होता, महिन्याकाठी यायचा. घर तीच चालवायची.

मग मामा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही, मग वार. एकदा मी गेले तर म्हणाले, "काय आजार हाय जनावराला?" मला वाटलं थट्टा करतात. सूनबाईनं मान हलवली तेव्हा कळलं.

एका श्रावणात ती दुकानात आली. उजव्या हाताला पट्टी होती. दुसऱ्या हातातलं फडकं तिनं टेबलावर ठेवलं. उघडण्याआधीच मला कळलं होतं.

शेजाऱ्यांची गाय दारापुढं बांधली होती. मामा उठले आणि तिच्या मानेवरून हात फिरवायला लागले. रक्त चढलंय, नस मोकळी करायला पाहिजे म्हणाले आणि नस्तर उघडलं. गाय धडधाकट होती. सूनबाई धावली, चाकू धरायला गेली, आणि पातं तिच्या तळहातातून गेलं.

"त्यांनी बघितलं का?" मी विचारलं.

"बघितलं. मलाच म्हनले, रडू नको बाई, जनावर वाचंल तुझं." तिनं पट्टीचा हात मांडीवर घेतला. "टाके पडले. शिवायला येत न्हाय अजून. तुमीच ठिवा आता हा. त्यांनी दिलेलाच हाय तुमाला."

ती गेल्यावर मी चाकू पेटीत मधोमध ठेवला. आनंद झाला होता, हेही सांगायला पाहिजे. सूनबाईच्या हाताची हळहळ वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकाच वेळी. पुण्याच्या संग्राहकांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, असा पूर्ण चाकू मी उभ्या आयुष्यात पुस्तकाबाहेर पाहिलेला नाही. त्याला काही करू नका. पॉलिशसुद्धा नको." नंतर कितीतरी दिवस सकाळी दुकान उघडलं की मी आधी पेटीपाशी जायचे.

मग सूनबाईचा फोन आला.

"ताई, मामा दिसभर खिसा चाचपत्यात. चहा प्यायला बसले की चाचपत्यात, आंघोळीला उठले की चाचपत्यात. खिशाची शिवण उसवली. म्या शिवली, पुन्ना उसवली. जेवनात ध्यान न्हाय."

"काय शोधतात, ते सांगतात का?"

"सांगता येत न्हाय. नुसतं म्हनत्यात, हितं व्हतं की."

माझ्याकडं जवळपास त्याच आकाराचा दुसरा एक चाकू होता. त्याच्या पात्यांची धार आधीच गेलेली होती. तो घेऊन मी तेरला गेले. मामांनी मला ओळखलं नाही. मी चाकू बाजेवर ठेवला, त्यांनी उचलला. उघडला नाही. तळहातावर धरून जरा वरखाली केला आणि परत ठेवला.

"कुनाचा हाय हा? सापडला तर देऊन टाका ज्याचा त्याला."

आणि हात पुन्हा खिशाकडं गेला.

परतीच्या बसमध्ये मी तेच आठवत बसले. सुनेला ते शेजारची बाई समजत होते, मुलाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. पण चाकू आपला नाही, हे त्यांच्या हातानं न उघडताच ओळखलं.

चाकू त्यांना परत द्यायचा तर आहे तसा देता येत नव्हता. पाती तारेनं बांधली तर ते तार सोडवत बसले असते. रिव्हेट काढून पाती वेगळी करावीत तर तो चाकू उरलाच नसता, आणि इतकं जुनं शिंग ठोकताना हमखास तडकतं. उरला एकच उपाय, धार आणि टोकं घासून टाकायची. एकदा घासलेलं पोलाद परत येत नाही. पुण्याच्या संग्राहकांना मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना काही दिवसांनी त्याचाही विसर पडेल, ताई. चाकू मात्र कायमचा जाईल. थोडं थांबा."

ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून मी थांबले. पण दुकानात बसले की माझा हात काम करता करता थांबायचा. मालकांच्या ते ध्यानात आलं.

"काय ठरवलं?" त्यांनी जेवताना विचारलं.

"ठरत नाही."

"विसरत्याल म्हनून थांबलीस ना? आनि समज न्हाईच विसरले तर?"

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी चाकू काढला. आमच्याकडं ग्राइंडर आहे. पण त्याच्या चाकावर एका क्षणात सगळं झालं असतं, ते मला नको होतं. बारीक कानस घेतली. मोठं पातं उघडून धारेवर कानस टेकवली आणि तशीच बसून राहिले. मग पहिला हात मारला. पोलाद कडक होतं, कानस घसरली. दुसऱ्या हाताला पकड आली. आधी मोठं पातं, मग लहान, मग करवतीचे दात. आरेचं टोक गोल केलं. नस्तराला शेवटी हात घातला. ते इतकं पातळ होतं, की धार जाऊन ते नुसतं एक चकाकतं पान झालं. सगळ्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या आणि स्वतःच्या तळहातावरून जोर लावून फिरवून बघितल्या. आकडा आणि चिमटा तेवढे होते तसेच ठेवले. टेबलावर पडलेला कीस फडक्यानं गोळा केला आणि कचऱ्यात टाकला.

तेरला पोचले तेव्हा मामा पडवीतच होते. चाकू बाजेवर ठेवला. त्यांनी उचलला आणि त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते खांदे ताठ होते, हे मला तेव्हा दिसलं. त्यांनी मोठं पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि पात्यावरून आडवा अंगठा फिरवला.

"धार गेली की ह्याची."

सूनबाई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"हो, गेली," मी म्हणाले.

"कुनी घालवली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि बोलणी खायची मनाची तयारी करून मी बसून राहिले. मामा म्हणाले, "जाती. वापरल्यावर धार जातीच. लावू की आपुन." मग सुनेकडं वळून, "बाई, पट्टा आन गं."

तिनं नवऱ्याचा जुना चामड्याचा पट्टा आणून दिला. पट्ट्याचं एक टोक मामांनी पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि पातं त्यावर फिरवायला लागले. एकदा ह्या अंगानं, एकदा त्या अंगानं. कानशीनं मारलेली धार चामड्यावर कधीच येत नाही, म्हणून आम्ही दोघी निवांत होतो. दुपारभर ते तसेच बसले. सूनबाईनं भाकरी आणली, ती खाल्ली. पाणी प्यायले.

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "जनावर कुठाय तुमचं?"

"घरी आहे."

"घिऊन या. आकड्यानं खुरं बघू. नस्तराचं काम न्हाय पडायचं बहुतेक."

"आणते," मी म्हणाले.

पुढं दीडेक वर्ष मामा होते. विसरत सगळंच गेले, शेवटी तर बोलणंही. चाकू मात्र खिशात असायचा आणि पट्टा बाजेच्या खुराला बांधलेला. मी गेले की बिजागऱ्यांत तेल सोडायचे. ते तेवढा वेळ चाकू बाजेवर ठेवायचे आणि माझं होईपर्यंत नजर हटवायचे नाहीत. थंडीच्या दिवसांत एका सकाळी ते झोपेतच गेले.

दिवस झाल्यावर मी भेटायला गेले. सूनबाई मशीनवर बसली होती. तळहातावरचा वण पांढरा पडला होता. ब्लाऊजची चुकीची शिवण उसवून तिनं दोऱ्याचे तुकडे काढायला मशीनच्या खणातून चिमटा घेतला, आणि माझं लक्ष गेलं. मामांच्या चाकूतला चिमटा होता तो. तिच्या ते लक्षात आलं. तिनं खणातून चाकू काढला आणि मशीनच्या पाटावर माझ्यापुढं ठेवला.

"तुमचाच हाय, ताई. मामा बोललेलेच व्हते. म्याच आनून देनार व्हते."

मी तो उचलला. पट्ट्यावर फिरून फिरून पात्यांना आरशासारखी चकाकी आली होती. धार मात्र कुठंच नव्हती. संग्राहक म्हणून माझ्या हातात आता फारसं काही नव्हतं, आणि तरी तो मला हवा होता. पेटीतली मधली जागा मी तशीच मोकळी ठेवली होती.

"तुला लागतो का?" मी विचारलं.

 "चिमटा लागतो," ती म्हणाली. "आनि... घरात असला की बरं वाटतं. ह्या हाताला आता लागत न्हाय त्यानं काही."

मी चाकू पाटावर परत ठेवला. पिशवीतून तेलाची कुपी काढून सगळ्या बिजागऱ्यांना एकेक थेंब दिला आणि तेल कसं, किती सोडायचं, कुठल्या फडक्यानं पुसायचं ते तिला दाखवलं. तिनं एकदा करून बघितलं. जास्त पडलं, मी पुसून घेतलं.

येताना बसमध्ये मन हलकं वगैरे काही झालं नव्हतं. तो चाकू आपल्याकडं नाही ह्याची चुटपुट लागली होती, आणि खरं सांगायचं तर ती अजून आहे. पुण्याचे संग्राहक अधूनमधून विचारतात, चाकू कसा आहे? मी सांगते, कामाला आहे.